गस्तीवरचे निर्णय: हातात वेळ कसा राखावा

रात्री अडीचच्या सुमारास रस्त्याच्या कडेला एक मोटार तिरकी उभी होती. इंजिन चालू होते, दिवे जळत होते आणि चालकाच्या जागेवर बसलेला माणूस काचेवर टकटक करूनही दाद देत नव्हता. गस्तीच्या नोकरीतले माझे ते पहिलेच वर्ष. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते, जीभ जड झाली होती, आणि मी दार उघडून खांद्याला हात लावताच त्याने तो जोराने झटकला. माणूस दारूच्या नशेत आहे आणि अंगावर येतो आहे, असे ठरवून मी त्याला बाहेर ओढले आणि जोडीदाराच्या मदतीने जमिनीवर पालथे पाडून बेड्या घातल्या. त्याची कॉलर घामाने भिजलेली होती आणि तोंडाला दारूचा वास नव्हता. या दोन्ही गोष्टी माझ्या ध्यानात आल्या होत्या, पण मी त्या मनावर घेतल्या नाहीत. बाजूच्या आसनावरच्या पिशवीत इन्सुलिनचे पेन सापडले तेव्हा उलगडा झाला, की त्याच्या रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेली होती. रुग्णवाहिका वेळेत पोहोचली आणि तो बचावला.

हा सारा प्रकार एका मिनिटाच्या आत घडला, आणि तो एका मिनिटात उरकण्याची सक्ती माझ्यावर कोणीही केली नव्हती. गाडी पुढे जाणार नाही एवढी तजवीज करून मी दोन पावले मागे उभा राहिलो असतो, तर घाम आणि वास यांचा अर्थ लावायला मला पुरेसा वेळ मिळाला असता. प्रशिक्षणात क्षणार्धात घ्यायच्या निर्णयांवर मोठा भर असतो, आणि तसे प्रसंग खरोखरच येतात. तरीही इतक्या वर्षांनंतर माझे ठाम मत आहे, की गस्तीवरच्या बहुतेक चुकांची मुळे त्या क्षणाच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत असतात: अंमलदार गरजेपेक्षा लवकर आणि गरजेपेक्षा जवळ गेलेला असतो, आणि मग त्याच्यापुढे एकच वाट उरते. पुढील पायऱ्या त्या दोन-तीन मिनिटांविषयी आहेत.

गस्तीला निघण्यापूर्वी

पहिला निर्णय ड्यूटीवर येण्याआधीच झालेला असतो, आणि तो झोपेचा असतो. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असे संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. ज्या अवस्थेत दुसऱ्या चालकाला आपण हटकू, त्या अवस्थेत आपण स्वतः गाडी आणि हत्यार हाताळत असतो. पाळ्यांचे वेळापत्रक आपल्या हातात नसते हे खरे आहे. पण आज आपण थकलेलो आहोत हे जोडीदाराला स्पष्ट सांगणे आणि चाक त्याच्या हाती देणे नक्कीच आपल्या हातात असते.

त्यानंतर जोडीदाराशी तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. कोण बोलणार आणि कोण आजूबाजूला व समोरच्याच्या हातांवर नजर ठेवणार, ही पहिली. दोघांपैकी एकाचा तोल सुटू लागला तर दुसऱ्याने कोणता शब्द उच्चारायचा, ही दुसरी. तो शब्द कानावर पडला की काहीही न विचारता मागे सरायचे आणि बोलणे दुसऱ्याकडे सोपवायचे. पाठलाग कोणत्या स्थितीत सोडून द्यायचा, ही तिसरी. या गोष्टी रस्त्यावर, श्वास फुललेला असताना ठरत नाहीत.

रिकाम्या वेळात मनातल्या मनात ‘जर-तर’चा सराव करावा. थांबवलेल्या गाडीतला चालक खाली उतरून आपल्याकडे चालत आला तर आपण कुठे सरकू, काय म्हणू. दार उघडणाऱ्याचा एक हात पाठीमागे असेल तर काय करू. समोरचे पर्याय जितके जास्त, तितका प्रतिसादाला वेळ अधिक लागतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच मोजून दाखवले आहे. पर्यायांची चाळणी आधी झाली असेल, तर प्रत्यक्षात निवडायला दोनच उरतात.

हद्दीतून उगाच फिरत राहण्याविषयीही थोडे सांगायला हवे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ मध्ये काही भागांत नेहमीची फिरती गस्त बंद केली, काहींत ती वाढवली, आणि गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे १९९५ मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कोपर यांनी दाखवले, की गुन्हे वारंवार घडणाऱ्या ठिकाणी साधारण १० ते १५ मिनिटे थांबल्याचा परिणाम सर्वांत चांगला होतो. म्हणून मोकळा वेळ अशा जागी उतरून, पायी, लोकांशी बोलण्यात घालवावा. कोणत्या गल्लीला दुसरे तोंड नाही आणि कोणत्या घरात आजारी माणूस आहे, हे शांततेत कळलेले असले, की गडबडीच्या वेळी ते विचारत बसावे लागत नाही.

कॉल आल्यापासून घटनास्थळापर्यंत

नियंत्रण कक्षाकडून येणारी माहिती ऐकतानाच तिची तीन भागांत वाटणी करावी: कोणी प्रत्यक्ष पाहिलेले, कोणी ऐकलेले आणि कोणी गृहीत धरलेले. फोन करणारी व्यक्ती म्हणते, “शेजारी फार आरडाओरडा चाललाय, त्याच्या हातात काहीतरी चमकतंय, सुरी असेल.” कक्षातून संदेश येतो, “एक इसम, बहुधा सुरी.” मदतीला निघालेल्या दुसऱ्या गाडीपर्यंत तोच संदेश “सुरी घेतलेला इसम” असा पोहोचतो. ‘असेल’ हा शब्द वाटेत गळून पडतो, आणि दुसऱ्या गाडीतला अंमलदार हत्यारावर हात ठेवूनच खाली उतरतो.

यावर उपाय साधा आहे. वायरलेसवर उलट विचारावे: सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का, किती वेळापूर्वी, तो माणूस आता कुठे आहे, घरात मुले किंवा वृद्ध आहेत का, त्याला काही आजार किंवा मानसिक त्रास असल्याचे ठाऊक आहे का, यापूर्वी या पत्त्यावर आपण गेलो आहोत का. आपणही माहिती पुढे देताना ‘पाहिले’, ‘सांगितले’, ‘अंदाज आहे’ हे शब्द गाळू नयेत. आणि पोहोचण्यापूर्वी जोडीदारासमोर, मोठ्याने, या कॉलचे निदान दोन निराळे अर्थ बोलून दाखवावेत: सुरी घेतलेला हल्लेखोर असेल, स्वतःला इजा करू पाहणारा असेल, हातात नुसता मोबाइल असेल. मोठ्याने बोलण्याचे कारण असे, की मन एकदा एका गोष्टीला चिकटले की पुढचे सारे पुरावे त्याच गोष्टीच्या मापाने बेतू लागते.

आत्ता, या क्षणी कोणावर वार होत असतील, तर थांबणे गुन्ह्याइतकेच वाईट. तेथे आत शिरलेच पाहिजे, आणि या लेखातली संयमाची कोणतीही सूचना त्याच्या आड येत नाही. पण अशा कॉलवरसुद्धा आधी सुखरूप पोहोचावे लागते. चौकात सायरन वाजवत न थांबता घुसलेली गाडी घटनास्थळी पोहोचलीच नाही, तर मदतीसाठी वाट पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. इतर प्रसंगी सायरन अलीकडेच बंद करावा, दोन-तीन घरे आधी गाडी उभी करावी, इंजिन थांबवून काच खाली घ्यावी आणि अर्धा मिनिट नुसते ऐकावे. किती आवाज आहेत, कोणता चढतो आहे, कोणता रडतो आहे, एखादे मूल आहे का, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते. दारावर थाप पडल्यानंतर घरातले आवाज बदलतात आणि मग ते कळत नाही.

अंतर आणि आडोसा

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक मापन प्रसिद्ध केले: सुरी घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि म्यानातले पिस्तूल काढून झाडायलाही प्रशिक्षित अंमलदाराला साधारण तेवढाच वेळ लागतो. दुर्दैवाने याचा अर्थ अनेकांनी ‘२१ फुटांच्या आत सुरी दिसली की गोळी झाडायला हरकत नाही’ असा लावला. तो धोकादायक आणि चुकीचा आहे. सुरी दिसल्यावर मागे सरा, मध्ये टेबल, भिंत किंवा गाडी आणा आणि ती दीड सेकंदे वाढवून अर्धा तास करा, हा त्याचा उपयोगी अर्थ आहे. हातात सुरी असलेला माणूस एका खोलीत एकटा आहे, दार बंद आहे, त्याच्या आवाक्यात कोणी नाही, अशा वेळी आत शिरण्याची घाई कोणाला आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. बहुधा उत्तर ‘फक्त आपल्याला’ असे येते.

कव्हर आणि आडोसा यांतला फरक हाडीमाशी मुरला पाहिजे. गोळी अडवते ते कव्हर, आणि केवळ नजरेपासून लपवतो तो आडोसा. गाडीचे दार हा आडोसा आहे. गाडीचे इंजिन हे कव्हर. घराच्या दारासमोर उभे न राहता भिंतीच्या बाजूला उभे राहावे. थांबवलेल्या गाडीकडे जाताना आधी मागचे आसन, मग सर्वांचे हात पाहावेत, आणि चालकाच्या दाराच्या जरा मागेच, गाडीच्या दोन दारांमधल्या खांबाजवळ थांबावे. चेहरा कितीही रागीट असला तरी इजा हात करतात. नजर हातांवर असली पाहिजे.

अंतर राखण्याला काही जण भित्रेपणा समजतात. पण जो माणूस सहा मीटरवर आणि भिंतीच्या आड उभा आहे, त्याला समोरच्याने शिवी दिली, हात झटकला किंवा खिशात हात घातला, तरी थांबून पाहणे परवडते. हातभर अंतरावर उभ्या असलेल्याला ते परवडत नाही, म्हणून तो आधी हात टाकतो. संयम हा स्वभावाचा गुण आहेच, पण रस्त्यावर तो बऱ्याच अंशी उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असतो.

निर्णय घेताना

इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांनी २०१२ पासून एक राष्ट्रीय निर्णय-आकृतिबंध स्वीकारला आहे. त्याच्या मध्यभागी आचारसंहिता असते आणि भोवती पाच टप्पे: माहिती गोळा करणे, धोका जोखून तात्पुरती दिशा ठरवणे, आपले अधिकार व नियम आठवणे, पर्याय पाहणे, आणि कृती करून पुन्हा पहिल्या टप्प्यावर येणे. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग शेवटचा वाटतो. बहुतेक अंमलदार एकदाच फेरी मारतात आणि पहिल्या निष्कर्षावर अखेरपर्यंत स्वार राहतात. समोरचा माणूस खाली बसला, त्याने हातातली वस्तू टाकली, आणखी कोणी आले, तर परिस्थिती बदललेली असते. दर बदलानंतर ‘आता नवीन काय कळले?’ हे जोडीदाराला मोठ्याने विचारण्याची सवय लावून घ्यावी.

अनुभवी अंमलदार म्हणतील, की रस्त्यावर टप्पे कोण मोजतो, बघताक्षणी कळते. त्यांचे म्हणणे निराधार नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की हे लोक पर्यायांची तुलना करत बसत नाहीत. ओळखीची खूण पटते आणि कृती सुचते. मात्र याच क्लाइन यांनी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांच्याबरोबर २००९ मध्ये एक महत्त्वाची अट मांडली: ज्या कामात खुणा खरोखर नियमित असतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर कळते, तिथेच अंतःप्रेरणा भरवशाची ठरते. आग विझली की नाही हे अग्निशामकाला लगेच दिसते. गस्तीवर तसे फारच थोडे असते. ज्याला संशयावरून थांबवले आणि काही सापडले नाही, तो निघून जातो. आपला अंदाज का चुकला हे कोणी सांगत नाही, आणि पुढच्या वेळी आपण त्याच खुणेवर पुन्हा विसंबतो. म्हणून ‘मला वाटले’ ही सुरुवात म्हणून चालेल, पण कोणाला थांबवण्याआधी, निदान झडती घेण्याआधी, त्या वाटण्याला डोळ्यांनी दिसलेल्या दोन गोष्टींचा आधार हवा. त्या शब्दांत सांगता येत नसतील, तर हात आखडता घ्यावा.

बोलणे, आणि ऐकू न येणारी माणसे

एका वेळी एकानेच बोलावे. तीन अंमलदार तीन दिशांनी “हात वर”, “हलू नकोस”, “खाली बस” असे ओरडत असतील, तर आज्ञा पाळणारा माणूसही कोणती ना कोणती आज्ञा मोडतोच. वाक्य छोटे असावे, एका वाक्यात एकच सूचना असावी, आणि सूचनेनंतर मनात पाच आकडे मोजून थांबावे. घाबरलेल्या माणसाला शब्द समजायला वेळ लागतो. तो वेळ न देता तीच सूचना आणखी मोठ्याने दिली, की आपल्याला तो अवज्ञा करतो आहे असे वाटू लागते.

न ऐकण्याची कारणे किती असू शकतात, याची यादी मनात ठेवावी: बहिरेपणा, भाषा न समजणे, नशा, अपस्माराच्या झटक्यानंतरचा गोंधळ, डोक्याला मार, स्वमग्नता, कानात बोलणारे आवाज, आणि रक्तातली घसरलेली साखर. साखर उतरलेल्या माणसाला घाम येतो, तो अडखळत बोलतो, गोंधळतो, कधी चिडतो आणि ढकलतो. दुरून पाहणाऱ्याला तो हुबेहूब दारू प्यालेला वाटतो. अशा शंकेला जागा असेल तिथे रुग्णवाहिका आधी बोलवावी. ती विनाकारण आली तर फार काही बिघडत नाही.

मानसिक त्रासात असलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षित पथकाची पद्धत अमेरिकेतील मेम्फिस येथे १९८८ मध्ये सुरू झाली. सुरी हातात असलेल्या एका मानसिक रुग्णाचा पोलिसांच्या गोळीने झालेला मृत्यू हे त्यामागचे कारण होते. तिचा गाभा कोणालाही उचलता येईल असा आहे: आपले नाव सांगा, आवाज खाली ठेवा, दिव्याचा झोत चेहऱ्यावरून काढा, त्याला जे दिसते किंवा ऐकू येते त्यावर वाद घालू नका आणि त्यात सामीलही होऊ नका, आणि “तुम्हाला आता सर्वांत जास्त त्रास कशाचा होतोय?” असे विचारून उत्तराची वाट पाहा.

सोडावे की कारवाई करावी

किरकोळ बाबतीत समज द्यायची, दंड करायचा की दुर्लक्ष करायचे, हे बहुतेक वेळा अंमलदाराच्या मर्जीवर असते, आणि मर्जी हा शब्दच सावध करणारा आहे. मी चार प्रश्न विचारतो: या वागण्याने कोणाला इजा पोहोचली किंवा पोहोचू शकेल का, हे पहिल्यांदा घडते आहे की पुन्हा, सौम्य उपायाने तेच साधेल का, आणि याच जागी वेगळ्या कपड्यांतला, वेगळ्या बोलीचा, वेगळ्या वस्तीतला माणूस असता तर मी हेच केले असते का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आठवडाभरातल्या स्वतःच्या नोंदी पाहाव्या लागतात. एकट्या प्रसंगात पक्षपात दिसत नाही.

उद्धटपणा हा गुन्हा नव्हे. “तुम्हाला दुसरे काम नाही का?” असे विचारणाऱ्याला समज देऊन सोडणार होतो आणि त्या वाक्यानंतर दंड केला, तर तो दंड वाक्याचा झाला. उलट, का थांबवले हे पहिल्या वाक्यात सांगावे, त्याचे म्हणणे पुरते ऐकावे आणि मग निर्णय सांगावा. लोक पोलिसांना न्याय्य मानतात ते निकालाइतकेच, किंबहुना अधिक, वागणुकीवरून, हे मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

घरातले भांडण

दोघांना एकमेकांच्या नजरेबाहेर आणि कानांबाहेर न्यावे, पण जोडीदाराच्या नजरेबाहेर जाऊ नये. शक्यतो स्वयंपाकघर टाळावे, कारण तिथे प्रत्येक वस्तू हत्यार होऊ शकते. “तुम्हाला मारले का?” हे नवऱ्यासमोर बायकोला विचारणे व्यर्थ आहे. एकटीला विचारताना गळा आवळला होता का, हा प्रश्न न चुकता विचारावा. आवाज घोगरा आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का ते पाहावे. गळ्यावर बाहेरून काहीच न दिसता आत इजा असू शकते, आणि गळा आवळणे हे पुढे खून होण्याच्या धोक्याचे गंभीर लक्षण मानले जाते. अशा घरी “आपसात मिटवा” म्हणून परतणे हा निर्णय घेऊ नये. मुले कुठे आहेत हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तर निघूच नये.

बळाचा वापर आणि पाठलाग

संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या आचारसंहितेचे तिसरे कलम सांगते, की बळ अगदी आवश्यक असेल तेव्हाच आणि कर्तव्यासाठी लागेल तेवढेच वापरावे. रस्त्याच्या भाषेत याचा अर्थ असा, की आवश्यकता संपली त्या क्षणी बळही संपले पाहिजे, आणि हा क्षण ओळखणे सुरुवातीपेक्षा अवघड असते, कारण तोपर्यंत आपले रक्त तापलेले असते. बेड्या पडल्या की माणसाला ताबडतोब कुशीवर वळवावे किंवा बसवावे. पाठीवर किंवा मानेवर भार ठेवू नये. पालथ्या माणसाची धडपड ही पुष्कळदा श्वासासाठीची धडपड असते. तो बोलू शकतो याचा अर्थ त्याला पुरेसा श्वास मिळतो असा होत नाही. इथे जोडीदाराने ठरलेला शब्द उच्चारायचा असतो, आणि तो वरिष्ठाविरुद्धही उच्चारायचा असतो.

पायी पाठलागात समोरचा कोपऱ्याआड गेला की धावत वळू नये. थांबावे, लांबून वळसा घेत पाहावे, दिशा कळवावी, घेरा घालावा. गाडीच्या पाठलागात ज्याच्यासाठी आपण धावतो आहोत त्या गुन्ह्यापेक्षा रस्त्यावरच्या लोकांना असलेला धोका मोठा झाला, की पाठलाग सोडून द्यावा. क्रमांक मिळालेला असेल तर चालक उद्याही सापडतो.

नोंद लिहिताना

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यात म्हटले, की अंमलदाराची कृती मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नव्हे, तर त्या जागी असलेल्या समंजस अंमलदाराच्या नजरेतून तपासावी. ही सवलत वाटते, पण तिच्यासोबत जबाबदारीही येते: त्या वेळी काय दिसले, काय ऐकले आणि काय माहीत नव्हते, हे आपल्यालाच लिहावे लागते. ‘संशयास्पद हालचाल’, ‘आक्रमक वर्तन’, ‘असहकार’ हे शब्द निष्कर्ष आहेत. त्यांखाली काय पाहिले ते लिहावे. कोणते पर्याय विचारात घेतले आणि ते का सोडले, हेही लिहावे. पाळी संपताना जोडीदाराबरोबर दोन प्रश्नांवर पाच मिनिटे बोलावे: आज आपण वेळ कुठे गमावला, आणि आज कोणती गोष्ट दिसूनही मनावर घेतली नाही.

त्या रात्रीच्या अहवालात मी लिहिले होते, ‘चालक मद्यधुंद वाटला व आक्रमक झाला.’ नवीन अंमलदारांना मी आज हे वाक्य फळ्यावर लिहून देतो आणि त्यातला प्रत्येक निष्कर्ष खोडून, केवळ दिसलेले तेवढेच लिहायला सांगतो. शेवटी फळ्यावर उरते ते असे: ‘चालकाचे डोळे अर्धवट मिटलेले होते. बोलणे अडखळत होते. कॉलर घामाने भिजली होती. दारूचा वास आला नाही. खांद्याला हात लावल्यावर त्याने तो झटकला.’ मग पुढे काय करायचे, असे मी वर्गाला विचारतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “रुग्णवाहिका बोलवायची.”